अम्मान ते मौता : एका शुक्रवारचा प्रवास



या महिन्यात शाळेबाहेरची गोष्ट सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत अल्लाहच्या कृपेने अम्मीला उमरा घडला. मी आणि बेगम सोबत होतो. परतताना आम्ही जिद्द्याहून जॉर्डनची राजधानी अम्मान इथे गेलो आणि चार दिवस राहिलो. कारण एकच, माझा धाकटा भाऊ तिथे नोकरीला होता.

अम्मानच्या आसपास औद्योगिक वसाहतींत तयार कपड्यांचे मोठे कारखाने आहेत. माल बहुतेक अमेरिकेला जातो. तो शिवणारे हात मात्र बांगलादेश, श्रीलंका आणि आपल्याकडचे. भाऊ सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग शिकला आणि नऊ वर्षांपूर्वी तिकडे गेला. त्या नऊ वर्षांत बहिणीचे लग्न झाले, अम्मीच्या दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झाले, घराचा खालचा मजला पक्का झाला. वरच्या मजल्याच्या सळ्या मात्र अजून आभाळाकडे बघत उभ्या आहेत.

मागच्या उन्हाळ्यात त्याच्या कारखान्याने माणसे कमी केली. त्याचा करार पुढे वाढला नाही. वर्ष संपायच्या आत परत यायचे ठरले. त्याने फोनवर मला हे सांगितले तेव्हा मी म्हणालो, "रिकाम्या हाताने येऊन काय करणार? वरचा मजला तसाच पडलाय. कुठेतरी चिकट, अजून एखादे वर्ष काढ." तो फक्त "बघतो, भाईजान" म्हणाला. त्यानंतर त्याचे फोन अम्मीला येऊ लागले, मला नाही. मी कामाच्या गडबडीत ते मनावर घेतले नाही, असे स्वतःला सांगत राहिलो.

अम्मानला पोचल्यावर अम्मीने एकच मागणी केली. "मला हजरत जाफरच्या मजारला सलाम करायचाय." तिचे वडील तिला लहानपणी मौताच्या लढाईची गोष्ट सांगायचे. शुक्रवारी भावाला सुट्टी होती. भाड्याची गाडी ठरवली आणि सकाळी साडेसातला निघालो.

अम्मानहून दक्षिणेला जायला दोन मोठे रस्ते आहेत. वाळवंटातून जाणारा रस्ता सरळ आणि वेगाचा. दुसरा डोंगरमाथ्यावरून गावागावांतून जातो, त्याला 'राजमार्ग' म्हणतात. तौरेतमध्येही या नावाच्या रस्त्याचा उल्लेख आहे. वेळ जास्त लागतो, पण बघण्यासारखे सगळे याच रस्त्यावर आहे. गाडीत बसताना भाऊ हळूच म्हणाला, "नऊ वर्षांत मी यातले काहीच बघितले नाही." कारखाना, हॉस्टेल, बाजार आणि शुक्रवारची मशीद, एवढाच त्याचा जॉर्डन होता.

पहिले गाव मादबा, अम्मानपासून सुमारे ३० किलोमीटर. इथे मुसलमान आणि ख्रिस्ती पिढ्यान् पिढ्या शेजारी राहतात. मशिदीचा मिनार आणि चर्चचा मनोरा एकाच नजरेत येतो. इथल्या सेंट जॉर्ज चर्चच्या फरशीवर सहाव्या शतकातला एक नकाशा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या चर्चच्या अवशेषांवर नवे चर्च बांधताना तो उजेडात आला. लहान लहान रंगीत दगड बसवून केलेला हा नकाशा म्हणजे पवित्र भूमीचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने चित्र मानले जाते. आपल्या नकाशात वर उत्तर असते, यात वर पूर्व आहे. मधोमध तटबंदीचे जेरुसलेम शहर, त्याच्या वेशी आणि खांबांच्या ओळींचा मोठा रस्ता. बाकी गावांची नावे ग्रीक अक्षरांत.

भूगोल शिकवणारा माणूस अशा जागी लवकर हलत नाही. पण मला जे दिसले नाही ते भावाने दाखवले. नकाशात जॉर्डन नदी मृत समुद्राला मिळते तिथे मासे काढले आहेत. त्यातला एक मासा समुद्राकडे पाठ करून उलटा, नदीकडे निघाला आहे. मृत समुद्राचे पाणी साध्या समुद्रापेक्षा कितीतरी पट खारट, त्यात मासा जगत नाही. चौदाशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने हे दोन-चार खड्यांत सांगून टाकले होते. भाऊ हसून म्हणाला, "हा मासा हुशार. वेळेवर परत फिरला." मी हसलो नाही. मला वाटले, तो टोमणा मला आहे.

मादबाच्या पुढे रस्ता उघड्या माळावरून जातो. नोव्हेंबर जवळ आलेला, शेते नांगरून ठेवलेली, पहिल्या पावसाची वाट बघणारी. थेट आपल्या सोलापूरकडचा मे महिना, फक्त हवा गार. वाटेत धिबान लागते. आज साधे गाव, पण जवळच्या टेकडीवर मुआब राज्याच्या जुन्या राजधानीचे अवशेष आहेत. १८६८ साली इथे काळ्या दगडाचा एक शिलालेख सापडला. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या मेशा राजाचा. युरोपातल्या लोकांत तो मिळवण्यावरून चुरस लागली, त्या ओढाताणीत स्थानिक बेदूंनी तो फोडला. सुदैवाने आधीच कागदावर त्याचा ठसा घेतलेला होता, म्हणून तुकडे जुळवता आले. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात राजाने आपल्या कामांची यादी दिली आहे. त्यातले एक काम म्हणजे अर्नोनच्या दरीत बांधलेला रस्ता.

अर्नोन म्हणजे आजची वादी मुजिब. धिबान सोडल्यावर काही मिनिटांत सपाट माळ एकदम संपतो आणि पायाखालची जमीनच तुटते. समोर एवढी मोठी दरी की पलीकडचा काठ धुरकट दिसतो. पिवळे, तांबूस, राखी थर एकावर एक, जणू कोणी जुन्या वह्यांचा गठ्ठा चाकूने उभा कापला आहे. तळाशी धरणाचे हिरवट पाणी. ही दरी पुढे मृत समुद्रापर्यंत जाते. मृत समुद्राचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून ४३० मीटरहून खाली आहे, जगातला जमिनीवरचा सर्वांत खोल काठ. पाणी एवढ्या खाली उतरायला धावते, म्हणून ते डोंगर इतका खोल कापते.

रस्ता वळणावळणांनी तळापर्यंत उतरतो, धरणाच्या भिंतीवरून पलीकडे जातो आणि पुन्हा तेवढाच चढतो. बेगमने डोळे मिटून घेतले. अम्मी तसबीह फिरवत होती. मला मेशा राजा आठवत होता. अठ्ठावीसशे वर्षांपूर्वी कोणा मजुरांनी या कड्यावर वाट कोरली. शिलालेखात नाव राजाचे आहे. मजूर कुठले, किती वर्षे राबले, घरी परतले की नाही, हे दगडावर लिहिलेले नाही.

करकला पोचलो तेव्हा जुम्याची अजान व्हायला थोडाच वेळ होता. डोंगराच्या माथ्यावरचे गाव आणि टोकाला किल्ला. नमाज पढून किल्ल्यावर गेलो. सन ११४२ च्या सुमारास क्रुसेडरांनी हा किल्ला बांधायला घेतला. पुढे रेनॉ द शातिलाँच्या हाती आल्यावर इथून काफिले लुटले जाऊ लागले, हज्जला जाणाऱ्यांची वाट धोक्याची झाली. सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांनी ११८३ मध्ये वेढा घातला तेव्हा किल्ल्यात एक लग्न चालू होते. त्या काळच्या ख्रिस्ती बखरीत लिहिले आहे की वराच्या आईने लग्नाच्या जेवणातला वाटा सुलतानाला पाठवला आणि सुलतानाने विचारले, नवरा-नवरी कुठल्या बुरुजात आहेत? तो बुरुज सोडून मारा करा, असा हुकूम दिला. त्या वेळी किल्ला पडला नाही, सुलतानाला परत जावे लागले. ११८७ मध्ये हित्तीनची लढाई जिंकल्यावर पुढच्या वर्षी करक हाती आले. आतल्या दगडी कोठारांतून फिरताना अम्मी म्हणाली, "शत्रूच्या घरचे लग्नसुद्धा सांभाळले. आणि आपण शेजाऱ्याच्या लग्नाला जायला मानपान बघतो."

जेवायला मन्सफ घेतला. सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांना इथे जमीद म्हणतात आणि करकचा जमीद नावाजलेला. ते पाण्यात विरघळवून त्यात बकऱ्याचे मटण शिजवतात, पातळ रोटी आणि भातावर वाढतात. चव आंबटसर. बेगमचे मत पडले की मिरची हवी होती.

करकपासून दक्षिणेला थोड्याच अंतरावर मौता आहे. आज तिथे विद्यापीठ आहे, रस्त्यावर पोरांची गर्दी. जवळच मजार नावाचे गाव, तिथे तीन सहाबांच्या कबरी आणि मोठी मशीद. हजरत जैद बिन हारिसा (रजि.), हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) आणि हजरत अब्दुल्ला बिन रवाहा (रजि.). अम्मीने जाळीपाशी उभी राहून सलाम केला, दुआ मागितली. मग असरची नमाज झाली आणि आम्ही आवारातल्या सावलीत बसलो. अम्मी मला म्हणाली, "तू मास्तर ना? सांग गोष्ट. अब्बा सांगायचे ती."

मी सांगू लागलो. हिजरी सन ८, म्हणजे इसवी सन ६२९. पैगंबरांचा (स.) पत्र नेणारा दूत या भागात मारला गेला. म्हणून तीन हजारांचे सैन्य मदिनेहून निघाले. पैगंबरांनी (स.) सेनापती नेमले हजरत जैद, जे एके काळी गुलाम होते. ते पडले तर जाफर, ते पडले तर अब्दुल्ला. समोर रोमन बादशाहीची फौज, किती तरी पट मोठी. तिघेही एकामागून एक शहीद झाले. हजरत जाफरचे दोन्ही हात गेले, झेंडा मात्र त्यांनी खाली पडू दिला नाही. मदिनेत पैगंबरांनी (स.) सांगितले की जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करून पाठवा, त्यांच्यावर दुःख कोसळले आहे. आपण मय्यतच्या घरी डबा पाठवतो ना, त्याचे मूळ इथे आहे.

"मग झेंडा खालिद बिन वलीद यांनी घेतला," मी म्हणालो. "त्यांनी ओळखले की इथे अडून राहिलो तर एकही माणूस घरी जाणार नाही. त्यांनी सैन्याच्या फळ्या अशा बदलल्या की शत्रूला वाटले नवी कुमक आली. आणि ते सगळ्यांना सुखरूप परत घेऊन आले."

"आणि मदिनेवाले काय म्हणाले?" अम्मीने विचारले. तिला उत्तर माहीत होते.

इथे माझी जीभ अडखळली. सीरतच्या किताबांत येते की काही लोकांनी परतणाऱ्यांवर माती फेकली. पळून आलेले म्हणून हिणवले. एक सहाबी, हजरत सलमा बिन हिशाम (रजि.), घराबाहेर निघेनासे झाले. नमाजला का दिसत नाहीत असे विचारल्यावर त्यांच्या पत्नीने सांगितले, बाहेर पडले की लोक टोमणे मारतात, म्हणून ते घरातच बसतात. पैगंबर (स.) मात्र त्या लोकांना म्हणाले की हे पळणारे नव्हेत, अल्लाहने चाहिले तर हे पुन्हा चालून जाणारे आहेत.

भाऊ बुटांकडे बघत होता. माझ्या डोळ्यांपुढे माझाच तो फोन आला. त्याने मला फोन करणे का सोडले, हे मला त्या आवारात, स्वतःच्याच तोंडून गोष्ट सांगताना कळले. माती फेकणाऱ्यांत मी होतो.

अम्मीने भावाचा हात आपल्या हातात घेतला आणि आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "खाली हात आया तो क्या हुवा, हात तो आया ना?"

परतताना आम्ही घाटाने मृत समुद्राच्या काठी उतरलो. सूर्य पलीकडच्या डोंगरांमागे गेला होता. हळूहळू तिकडे दिवे लागले. ते फलस्तीनचे डोंगर. अम्मीने तिकडे बघत बराच वेळ दुआ केली. मी पुढच्या सीटवरून मागे न वळता भावाला म्हणालो, "मुंबईला घ्यायला मी येईन."

"शाळेला सुट्टी मिळेल?"

"टाकतो."

बस, एवढेच बोललो. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने वरच्या मजल्याचा विषय काढला, तर मी म्हणालो की सळ्यांना काही घाई नाही.

ज्यांना हा प्रवास करायचा असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. सकाळी लवकर निघा, जाताना राजमार्गाने जा आणि येताना मृत समुद्राच्या काठाने. वृद्ध माणसे असतील तर करकच्या किल्ल्यात अंधाऱ्या पायऱ्या आहेत, हात धरा. डोंगरावर थंडी आणि खाली काठावर उकाडा, दोन्हींचे कपडे ठेवा. एका दिवसात पेत्रासुद्धा उरकायचा मोह टाळा, त्याला वेगळा दिवस द्या.

भाऊ आता घरी आहे. जुन्याच धंद्यात, कटिंगच्या टेबलावर उभा राहतो. पगार तिथल्यापेक्षा कमी आहे. रात्री जेवायला मात्र सगळे एका दस्तरखानावर बसतो.

आपल्या कितीतरी घरांतून पोरे आखाताकडे गेली आहेत. कोणी सोलापूरहून, कोणी रत्नागिरीहून, कोणी मालेगावहून. त्यांतला कोणी कधी फोन करेल आणि म्हणेल, मी परत येतोय. तेव्हा पहिला प्रश्न काय आणलेस, पुढे काय करणार, हा विचारू नका. आधी विचारा, विमान किती वाजता येतेय.

अल्लाह हाफिज. पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.