कायदा दारात, माहेर आत

भाऊबीज सरली की आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे गावोगावी मंडई भरते. दंडार रंगते, लेकी-जावई येतात. पण सोडचिठ्ठी घेऊन आलेली एखादी लेक उंबरा ओलांडीत नाही. कारण कालचा नवरा वाटेवर टपून उभा असतो. घरची वडील मंडळी म्हणतात, "सणासुदीचे दिवस आहेत, गाजावाजा नको."

या 'गाजावाजा नको'शीच आमचे भांडण आहे.

१८८४ साली रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्याने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी फर्मावले : नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात बसा! रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. कायदा विरुद्ध होता; पण दावा उभा राहिला तेव्हा सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन पाठीशी होते.

आज नेमके उलटे झाले आहे. कायदा पाठीशी आणि माहेर काखा वर करते! २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा केवळ नांदत्या बायकोसाठी नाही. घटस्फोटापूर्वीच्या छळाची दाद घटस्फोटानंतरही मागता येते, असे सुप्रीम कोर्टाने २०१४ साली सांगितले. अर्ज ती राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे करता येतो. सासर बालाघाटचे असले तरी तिथे खेटे नकोत. घराकडे, कामाच्या जागी फिरकू नकोस, फोन करू नकोस, असा हुकूम कोर्ट त्याला देऊ शकते. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद. पाठलाग हा तर भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली वेगळाच गुन्हा. पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. स्त्रीला सरकारी खर्चाने वकीलही मिळतो.

कोणी म्हणेल, बायका कायद्याचा गैरफायदा घेतात. घेत असेल एखादी. तिचे खोटे तपासायला कोर्ट बसलेले आहे. म्हणून खरीने तोंड मिटून बसावे काय?

मात्र कागदाला हातपाय नसतात, हेही खरे. पाठलागाचा पहिला गुन्हा जामीनपात्र आहे. आज धरलेला उद्या पुन्हा वाटेवर दिसू शकतो. तेव्हा साक्ष कोण देणार? तारखेला सोबत कोण जाणार? पोलिसाआधी घरचे माणूस लागते, आणि तेच नेमके गाजावाजाला भिते. लाज पाठलाग करणाऱ्याने बाळगायची, की जिचा पाठलाग होतो तिने?

भाऊरायांनो, यंदा ओवाळणीच्या ताटात नोट टाकण्यापूर्वी एवढेच विचारा, "ताई, तो अजून वाट अडवतो का?" 'हो' म्हणाली, तर कोर्टाची पायरी तिच्याबरोबर चढा. खरी ओवाळणी ती.