किल्ली कोणाच्या कनवटीला?

‘आपल्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?’ संगणकातल्या फाइलींना कुलूप लावण्याचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा हसत विचारतो आणि उत्तरासाठी थांबत नाही. त्याच्या मते असली कुलपे हेरांना, बँकांना आणि मनात काळेबेरे असणाऱ्यांना लागतात. खेडसारख्या तालुक्याच्या गावी कला शाखेत शिकणाऱ्यांना ती कशाला? दुसरा एक वर्ग म्हणतो की कुलूप हवे हे खरे, पण ते जाणकारांचे काम. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून जो कूटलेखन करतो तोच खरा, खिडकीतली बटणे दाबणारा कच्चा. मला ही दोन्ही मते मान्य नाहीत. कुलूप आपल्यालाही हवे, आणि ते बटण दाबून लागणारे हवे. मात्र त्या बटणावर काय लिहिले आहे ते आपल्याला कळले पाहिजे.

प्रथम लपवण्याबद्दल. कोकणातल्या घराला ओटी असते तसे माजघरही असते. ओटीवर वाटसरू बसतो, गूळपाणी घेतो. माजघरात तो शिरत नाही. म्हणून माजघरात चोरीचा माल आहे असे कोणी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. आपल्या आज्यांना एवढे तारतम्य निकालाआधीपासून होते.

आता आपल्याजवळ आहे काय ते मोजू. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरायचा तर आधारकार्ड, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, एवढे तरी हाताशी लागते. या तालुक्यातल्या कितीतरी घरांतली माणसे मुंबईला किंवा आखातात नोकरीला आहेत. त्यांच्या पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या प्रती, सात-बारा, वारसनोंदीचे कागद, आजारपणाचे रिपोर्ट हे सगळे घरातल्या शिकलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या फोनमध्ये येऊन पडते. जुलै २०२१ च्या पुरात जगबुडीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि कागद भिजला की काय उरते ते आपण पाहिले. त्यानंतर माझ्या ओळखीच्या अनेक घरांनी ट्रंकेतले कागद स्कॅन करून पेनड्राइव्हवर ठेवले. हे शहाणपणाचे झाले. पण ट्रंकेला निदान कुलूप होते; पेनड्राइव्हला ते नाही. तो एस.टी.त पडला, मैत्रिणीकडे राहिला किंवा फोन दुरुस्तीला टाकला, की घराचा सगळा दफ्तरखाना परक्याच्या हाती. एकदा अर्ज भरायला मी एका दुकानात गेले होते. तिथल्या संगणकाच्या पडद्यावर अनोळखी मुलींची आधारकार्डे नावानिशी मांडलेली होती. कोणीही यावे आणि उघडावी. दुकानदाराच्या मनात वाईट काही नव्हते. पुसायला सवड नव्हती इतकेच.

गुप्त लिहिण्याची कला आपल्याला परकी नाही. वात्स्यायनाने चौसष्ट कलांच्या यादीत ‘म्लेच्छितविकल्प’ ही कला घातली आहे, आणि यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेत अक्षरांच्या जोड्या ठरवून त्यांची अदलाबदल करण्याच्या रीती सांगितल्या आहेत. करपल्लवी, नेत्रपल्लवी हे शब्द मराठीत आहेत. शाळेत आपण ‘च’ची भाषा बोललो आहोत. या भाषेतली अडचणही सर्वांना ठाऊक आहे. एकदा रीत कळली की पुढे काही गुप्त राहत नाही. ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ साली यावर बोट ठेवले: रीत शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त राहायची ती फक्त किल्ली. आजचे सगळे कूटलेखन याच तत्त्वावर उभे आहे. एईएस ही आज सर्वत्र वापरली जाणारी पद्धत २००१ पासून प्रमाण म्हणून छापील स्वरूपात जगापुढे आहे. तिची २५६ बिटांची किल्ली मात्र इतक्या प्रकारची असू शकते की तो आकडा लिहायला ७८ अंक लागतात. गावचा लोहार कुलूप कसे बनवतो हे सर्वांना माहीत असले तरी आपली किल्ली आपल्याच कनवटीला असते, तशातला हा प्रकार.

हे गणित आपल्याला करता येत नाही आणि करावेही लागत नाही. ते करणारे फुकट कार्यक्रम उपलब्ध आहेत. व्हेराक्रिप्ट हा त्यांतला एक. तो २०१३ साली आला. त्याची खिडकी उघडली की वर संगणकातल्या रिकाम्या ड्राइव्हची अक्षरे दिसतात, खाली बटणे. आपण एक फाइल तयार करायची. ती म्हणजे पेटी. परवलीचा शब्द ठरवायचा. मग माउस वेडावाकडा फिरवा अशी सूचना येते, कारण त्या निर्हेतुक हालचालींतून किल्लीसाठी यदृच्छा गोळा होते. पेटी उघडली की ती नव्या ड्राइव्हसारखी दिसते. तीत कागद टाकायचे आणि बंद करायची. बंद पेटी परक्याला निरर्थक अक्षरांचा ढीग वाटते. आज्ञा टंकणाऱ्याच्या कुलपात आणि या कुलपात गणिताचा काही फरक नाही. दारावर नक्षी आहे म्हणून कडी कच्ची ठरत नाही.

मग बटणांची खिडकी आली म्हणजे सगळे सोपे झाले काय? इथे एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. फिल झिमरमन यांचा पीजीपी हा कूटलेखनाचा कार्यक्रम १९९१ साली आला. पुढे त्याला बटणांची देखणी खिडकी मिळाली. आल्मा व्हिटन आणि डग टायगर या अमेरिकन संशोधकांनी तिची परीक्षा घेऊन १९९९ साली निष्कर्ष मांडले. ई-मेल सफाईने वापरणाऱ्या १२ जणांना त्यांनी ९० मिनिटे दिली आणि गुप्त मजकूर सही करून, कुलूपबंद करून पाठवायला सांगितले. एक-तृतीयांश लोकांनाच ते नीट जमले. तिघांनी तर गुप्त मजकूर उघडाच पाठवून दिला. सात जणांनी पत्र बंद केले ते स्वतःच्याच किल्लीने, म्हणजे ज्याला पाठवायचे त्याला ते उघडताच येऊ नये असे.

ही माणसे अडाणी नव्हती, आणि खिडकीही कुरूप नव्हती. घोटाळा झाला तो बराचसा शब्दांचा आणि चित्रांचा. ‘पब्लिक की’ म्हणजे सार्वजनिक किल्ली, असे ऐकल्यावर कोणालाही वाटणार की ही किल्ली, तेव्हा हिने उघडता येते. प्रत्यक्षात ती आहे उघडे कुलूप. आपण आपली उघडी कुलपे गावभर वाटायची. ज्याला आपल्याला पेटी पाठवायची असेल त्याने ते कुलूप दाबून लावायचे. उघडणारी किल्ली एकच, आपल्या कनवटीला. एवढा दृष्टांत त्या खिडकीत चोख उतरला असता तर सात जण फसले नसते असे मला वाटते. आणि दृष्टांत बरोबर आहे की चूक हे पारखणे हे गणितज्ञापेक्षा भाषेच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

कला शाखेचा या विषयाशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांना माझे हे उत्तर आहे. मी पाहिलेल्या खिडक्यांत ‘व्हॉल्यूम’, ‘माउंट’, ‘डिसमाउंट’ असे शब्द आहेत. व्हॉल्यूम म्हणजे आवाज वाढवायचे बटण, आणि माउंट म्हणजे डोंगर, ही आपली समजूत! त्याऐवजी ‘पेटी’, ‘उघडा’, ‘बंद करा’ असे लिहिले तर दहावी झालेल्या आईलाही कळेल. आपली सरकारी परिभाषा इथे मदतीला येईलच असे नाही. ‘कूटलेखन’ हा शब्द मी या लेखात वापरते आहे, पण बटणावर तो मला नको. बटणावर ‘कुलूप लावा’ हवे.

चांगल्या खिडकीने आणखी एक केले पाहिजे: अप्रिय गोष्टही स्पष्ट सांगितली पाहिजे. पेटी उघडी असेल तोवर संगणकापुढे बसलेला कोणीही आतले वाचू शकतो, हे ठळक दिसले पाहिजे. दुकानातल्या परक्या संगणकावर पेटी उघडू नये, कारण टंकलेला शब्द तिथे टिपला जाऊ शकतो. अर्जापुरती लागणारी प्रत वेगळी न्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, शब्द विसरलात तर पेटी कोणीही उघडून देणार नाही. तिथे तहसीलदाराकडे अर्ज करून दुसरी प्रत मिळत नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी मोडीतले जमिनीचे कागद आहेत. ते कोणी गुप्त ठेवायला लिहिले नव्हते. पण मोडी वाचणारी माणसे गेली आणि कागद असून नसल्यासारखे झाले. घरातल्या एकाच माणसाला परवलीचा शब्द माहीत असला आणि तो आखातात असला तर दुसरे काय होणार? म्हणून पाच-सहा असंबद्ध शब्दांची परवल ठरवावी, ती कागदावर लिहून घरातल्या विश्वासाच्या माणसाकडे द्यावी, आणि पेटीच्या दोन प्रती दोन गावी ठेवाव्यात. जगबुडीला कुलूप कळत नाही.

गुन्हेगारांच्याही हाती कुलूप पडेल, हा आक्षेप राहतो. तो खोटा नाही. पण त्याची तजवीज कायद्याने केली आहे: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९व्या कलमाखाली अधिकृत आदेश मिळूनही कुलूप उघडायला मदत न करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. याउलट सप्टेंबर २०१५ मध्ये सरकारने कूटलेखनाच्या धोरणाचा मसुदा काढला होता. पाठवलेला मजकूर प्रत्येकाने ९० दिवस उघड्या रूपातही जपून ठेवावा, असे त्यात होते. ओरड झाली आणि तो लगेच मागे घ्यावा लागला. चोराच्या भीतीने सगळ्या गावाने दारे उघडी टाकावीत, हा न्याय लोकांना पटला नाही, तो बरोबरच होता.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो आणि गुरुजनहो, माझी सूचना लहानशी आहे. २७ फेब्रुवारीला आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. भाषणे होतात, हारतुरे होतात. येत्या वर्षी त्यातले दोन दिवस मराठी विभागाने आणि संगणक असलेल्या मुलांनी एकत्र बसावे. अशा एका कार्यक्रमाच्या खिडकीतले शब्द घ्यावेत, एकेकाला मराठी पर्याय काढावा, तो आपल्या आयांना, शेजाऱ्यांना वाचून दाखवावा, आणि ज्याला अर्थ विचारावा लागेल तो शब्द खोडावा. त्यातून शे-दीडशे शब्दांची यादी झाली तरी पुष्कळ. बटणे कोणीही बनवो. त्यांवरचे शब्द आपले असतील तर किल्लीही आपल्या हाती राहील.