बंद शेड, जांभळे दिवे आणि पेठचा पेंढा

प्रोजेक्ट एक्झिबिशनमध्ये हल्ली एक मॉडेल हमखास दिसतं. थर्माकोलचा जुना कारखाना, त्याच्या पोटात छोटी छोटी घरं आणि भिंतीला लागून एकावर एक रचलेले रॅक. रॅकवर जांभळे एलईडी, त्याखाली लेट्यूस. वर पाटी, 'सस्टेनेबल अर्बन हाउसिंग'. जज मान डोलावतात, आपण फोटो काढतो. (मेसमध्ये आजवर कुणाच्या ताटात लेट्यूस आलं असेल तर त्याने हात वर करावा!)

कल्पना मला मनापासून आवडते. उभी इमारत उगाच पाडू नये, हे तर फर्स्ट इयरच्या पोरालाही पटेल. एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि तो खर्च शेड बांधली तेव्हाच होऊन गेलेला असतो. पण या मॉडेलपुढे उभं राहून दोन प्रश्न कुणी विचारत नाही. त्या दिव्यांचं बिल किती येणार? आणि त्या घरांत राहणार कोण?

आधी बिल. पालेभाजीला लागणारा प्रकाश आजच्या चांगल्या एलईडीने द्यायचा तर एका चौरस मीटरला दिवसाला साधारण दीड युनिट वीज जाते. मेथी महिन्याभरात काढली आणि चौरस मीटरला दोन किलो निघाली असं धरू. म्हणजे किलोमागे वीस-बावीस युनिट. सात रुपये दराने दीडशे रुपये फक्त दिव्यांचे. पंप, पंखे, मजुरी वेगळी. भाताचं गणित तर करूच नये. त्याला प्रकाश दुप्पट आणि दिवस चौपट. शेतापेक्षा दुप्पट पीक आलं असं मानलं, तरी किलोभर भाताला अडीच हजारांची वीज लागते. हे माझे वहीच्या मागच्या पानावरचे आकडे आहेत, थोडे इकडेतिकडे होतील. पण अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात एरोफार्म्स कंपनीने जुन्या पोलाद कारखान्याच्या जागेत रॅकवरची शेती थाटली. जगभर तिचे फोटो छापून आले. जून २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बोअरी फार्मिंगनेही गाशा गुंडाळला. सूर्य फुकट असताना त्याचं काम विजेकडून करून घ्यायचं, तर एवढं महाग पडणारच.

आता दुसरा प्रश्न. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर एकेक करत गिरण्या बंद पडल्या आणि गिरणगावात शेकडो एकर जागा रिकामी झाली. १९९१ च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचा एक भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला, अशी तीन वाट्यांची विभागणी होती. २००१ मध्ये नियम बदलला. आधीपासून मोकळी असलेली जागाच तेवढी वाटायची, इमारत पाडून मोकळी झालेली नाही! मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हा बदल मान्य केला. म्हणजे जुनी गिरणी जपण्यापेक्षा पाडणंच फायद्याचं ठरलं. आज फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात शोभेला उभी आहे. कामगारांच्या घरांची पहिली लॉटरी निघाली जून २०१२ मध्ये. घरं ६,९२५, आणि अर्ज दीड लाखाच्या घरात. इमारत तीच, इंजिनिअर तेच, पण एका ओळीच्या नियमाने राहणारा माणूस बदलला. आपल्या सिलॅबसमध्ये ती ओळ नाही.

हे सगळं नाशिकमध्ये बसून का लिहायचं? कारण सातपूर-अंबडलाही बंद शेड दिसतात. शटरला गंज, आवारात गाजर गवत. आणि त्याच शहरात आपल्याच जिल्ह्यातल्या पेठची माणसं पालं ठोकून राहतात. पेठ इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पावसाळ्यात तिथे धो धो कोसळतो, भात, नागली, वरई होते. आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट. म्हणून भाताची कापणी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं खाली उतरतात, द्राक्षबागांवर नाहीतर शहरातल्या बांधकामांवर. जी माणसं दुसऱ्यांची घरं बांधतात आणि दुसऱ्यांच्या बागा पिकवतात, त्यांच्या डोक्यावर प्लास्टिक. लॉकडाऊननंतर २०२० मध्ये केंद्राने स्थलांतरितांसाठी भाड्याच्या घरांची योजना आणली. त्यात रिकामी सरकारी घरं होती, मोकळ्या जमिनीही होत्या. उभी असलेली बंद शेड मात्र कुणाला आठवली नाही.

माझं म्हणणं असं, की हे मॉडेल थर्माकोलमधून बाहेर काढायचं असेल तर ते या माणसांसाठी काढावं. कापड गिरण्यांचं करवतीच्या दात्यांसारखं छप्पर पाहिलंय? काचा उत्तरेकडे, म्हणजे ऊन आत येत नाही, उजेड मात्र दिवसभर. एमआयडीसीच्या साध्या शेडमध्येही छपराच्या उत्तर उतारावर पारदर्शक पत्रे टाकता येतात. त्या उजेडात पालक, मेथी, कोथिंबीर बऱ्यापैकी येईल, दिवा न लावता. अंधाऱ्या कोपऱ्यात धिंगरी अळिंबी. तिला उजेड नाममात्र लागतो, ओल लागते आणि भाताचा पेंढा लागतो. पेंढा कुठे मिळतो हे पेठच्या माणसाला सांगायला नको. किलोभर कोरड्या पेंढ्यावर अर्धा किलो तरी ताजी अळिंबी निघते. फक्त ती झोपायच्या जागेपासून भिंत घालून वेगळी हवी, कारण तिचे बीजाणू छातीला त्रास देतात. पोस्टरवर हे कुणी लिहीत नाही. पाण्याचं म्हणाल तर पाचशे चौरस मीटरच्या छपरावर, नाशिकचा पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटर धरला आणि थोडी गळती सोडली, तरी पावणेतीन लाख लिटर जमतं.

अडचणी आहेतच, आणि त्या साध्या नाहीत. जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात; ते तोडताना उडणारी धूळ म्हणजे फुप्फुसाचा कॅन्सर. प्लेटिंगच्या शेडखालच्या मातीत क्रोमियम मुरलेलं असू शकतं, तिथे मातीत काहीही लावायचं नाही, ट्रे आणि कुंड्याच वापरायच्या. शिवाय एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या लीजवर असतो, तोही कारखान्यासाठी, राहण्यासाठी नाही. हा नियम बदलताना २००१ सारखी एखादी ओळ आत शिरली तर शेडमध्ये घरं होतील, पण लॉफ्ट अपार्टमेंटच्या नावाने, आणि पेठचा माणूस तिथे वॉचमन असेल.

सिव्हिलच्या फायनल इयरवाल्यांना एकच विनंती. यंदा थर्माकोल आणू नका. सातपूरची एक बंद शेड निवडा, कॉलम मोजा, पत्रा कसला आहे ते बघा, मातीचा नमुना लॅबला द्या, आणि पेठ रोडला सकाळी मजूर उभे राहतात तिथे जाऊन विचारा की महिन्याला किती भाडं परवडेल आणि पोरांना शाळा किती लांब चालेल. परवानगीचा अर्ज मात्र आत्ताच टाका. बाकी सगळं एका सेमिस्टरमध्ये बसेल, त्याचं सांगता येत नाही.