रिपोर्ट माझा, आधी मला सांगा

चार वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनातला कॅन्सर काढला. आता त्याच व्रणाशेजारी पुन्हा गाठ लागते आहे. बायोप्सी झाली, रिपोर्ट यायचा आहे. जुन्या शस्त्रक्रियेमुळेही तिथला भाग कठीण होऊ शकतो. हाताने फरक कळत नाही, म्हणून तुकडा तपासावा लागतो. कॅन्सर उलटला असेल, तर संप्रेरकांच्या चाचण्याही नव्याने करतात, कारण पहिल्या गाठीचे गुणधर्म दुसरीत असतीलच असे नाही. पुढचे उपचार त्यावर ठरतात.

हे सारे मला कळायला हवे. पहिल्या वेळी मात्र निदान माझ्या नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितले गेले. का, तर बाई घाबरेल! मी आत बसून त्यांचे चेहरे वाचत होते. ती भीती काय कमी होती?

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले, की जिवावरचा प्रसंग नसेल तर सज्ञान बाईच्या शस्त्रक्रियेला तिचीच संमती हवी, तीही पुरेशी माहिती देऊन घेतलेली. तिच्या आईची संमती चालली नाही. मग नवऱ्याची कशी चालेल?

मैत्रिणींनो, शिरोळ-गडहिंग्लजहून कोल्हापुरात तपासणीला येणाऱ्या बाईसोबत गटातल्या एकीने जावे. डॉक्टरांना एवढेच म्हणावे, "रिपोर्ट यांना सांगा." नवऱ्याने, भावानेही जरूर ऐकावा, पण तिच्या शेजारी बसून.