लोणच्याच्या बरणीतला पाऊस

हॉस्टेलमध्ये सध्या काचेच्या बरणीत बाग करायचं फॅड आलंय. किट मागवलं की रंगीत खडे काय, प्लास्टिकचं मशरूम काय, सगळं येतं. माझं मत विचाराल तर आत किडे नसतील तर तो नुसता शोपीस!

बंद काचेत झाड जगतं हे लंडनच्या डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांच्या १८२९ च्या सुमारास लक्षात आलं. पुढे चीनमधून चहाची रोपं भारतात आली ती त्यांच्याच काचपेट्यांतून. पण सडलेली पानं, बुरशी साफ कोण करणार? त्यासाठी कुंडीखाली सापडणारे, हात लावला की गोळी होणारे करडे किडे हवेत.

मेसमधली रिकामी बरणी धुऊन घ्या, झाकणाला बारीक भोकं पाडा. तळाला खडी, वर जाळी, मग माती. आपली काळी माती एकटी चालत नाही, चिखल होऊन बसते. वाळू आणि कोकोपीट मिसळा. वर बदामाची वाळलेली पानं. कडुनिंब नको हं, धान्यात किडे होऊ नयेत म्हणून आजी तोच पाला घालते! मनीप्लांटची एक फांदी पुरे. बरणी उन्हात ठेवली तर आत भट्टी. येडशीच्या रामलिंग अभयारण्यातून मात्र काही उचलू नका.

२०१६ ला शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, टँकर तर आपल्यालाही नवे नाहीत. अशा जिल्ह्यात चार चमचे पाणी पुन्हा पुन्हा वापरणारी बरणी प्रत्येक विंगमध्ये हवीच. वॉर्डनसर, परवानगी द्या. कोरड्या हवेत हे किडे टिकत नाहीत, गादीत शिरायची भीती नाही.