विज्ञान-विचार : ‘एक वाढवा’ म्हणजे नेमकें काय वाढवावें?

नवाच्या पुढें दहा येतात, हें पहिलींतलें मूलहि सांगतें. ‘क’च्या पुढें ‘ख’ येतो, हेंहि तें तितक्याच खात्रीनें सांगेल. परंतु ‘क’ अधिक एक किती, असें विचारल्यास तें आपल्या तोंडाकडे पाहत राहील, आणि त्याचें तसें पाहत राहणेंच योग्य होय. अंकांना क्रम आहे, तसा अक्षरांनाहि आहे. पण अंकांत बेरीज-वजाबाकी आहे, अक्षरांत ती नाहीं. हा साधा भेद विसरल्यानें संगणकाच्या एका अत्यंत लोकप्रिय भाषेंत केवढा घोटाळा माजला होता, आणि तो आवरण्याचा यत्न कसा झाला, याची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों. आपल्या घरांतील अनेक मुलें-मुली याच विद्येवर चरितार्थ चालवितात. तेव्हां हा विषय आतां कोणासच परका राहिलेला नाहीं.

संगणकास आज्ञा देतांना ‘आहे त्यांत एक मिळव’ असें इतक्या वेळां सांगावें लागतें कीं, त्यासाठीं एक आंखूड खूणच ठरून गेली आहे. बेरजेचें चिन्ह दोनदां जोडून लिहिलें कीं एक वाढतो; वजाबाकीचें दोनदां लिहिलें कीं एक उणा होतो. केन थॉम्प्सन यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ‘बी’ नांवाच्या भाषेसाठीं ही खूण योजिली, व तेथून ती डेनिस रिची यांच्या ‘सी’ भाषेंत आली. पुढें १९८७ सालीं लॅरी वॉल यांनीं ‘पर्ल’ ही भाषा प्रसिद्ध केली, आणि तींत हीच खूण अक्षरांच्या माळेसहि लावण्याची मुभा दिली. या माळेस धंद्यांतील लोक ‘स्ट्रिंग’ म्हणतात. ‘ए’ एकानें वाढविला कीं ‘बी’ होतो. ‘झेड’ वाढविला कीं ‘एए’ होतो. ‘ए९’ वाढविलें कीं हातचा घेऊन ‘बी०’ होतें. मात्र पर्लनें एक मर्यादा घातली : आधीं अक्षरें व मग अंक, अशाच घडणीच्या माळेस हा लाभ मिळावा.

१९९५ सालीं रास्मुस लेर्डोर्फ यांनीं ‘पीएचपी’ ही भाषा जगापुढें मांडली. विकिपीडियाचा ज्ञानकोश आणि वर्डप्रेसवर उभारलेलीं असंख्य संकेतस्थळें हिच्याच आधारावर चालतात. या भाषेनें पर्लची वरील चाल उचलली, पण मर्यादा उचलली नाहीं. अक्षरें व अंक कसेहि मिसळलेले असोत, खूण लावली कीं माळ वाढे. ही सोय निरुपयोगी होती असें नव्हे. हिशेबाच्या तक्त्यांतील रकान्यांना ए, बी, सी अशीं नांवें असतात व झेडच्या मागून एए येतो. तीं नांवें क्रमानें लिहून काढण्यास ही खूण मोठी सोयीची होती, आणि पुष्कळांनीं तिचा उपयोगहि केला.

परंतु उणें करण्याच्या खुणेचें काय? ‘ए’चा ‘बी’ करणारी ही भाषा ‘बी’चा ‘ए’ मात्र करीत नसे. ‘बी’ला उणें करा म्हटलें तर ती तक्रारहि न करतां ‘बी’च परत देई. रिकामी माळ वाढविली तर ‘१’ हें अक्षररूप मिळे; तीच उणी केली तर ऋण एक ही संख्या मिळे. जेथें कांहींच ठेवलेलें नाहीं, अशा शून्यवत् स्थानास वाढविल्यास एक येई; उणें केल्यास कांहींच होत नसे. जिन्यानें वर जातां यावें, पण उतरूं लागतांच पायरी नाहींशी व्हावी, तसाच हा प्रकार होता.

याहून विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. समजा, कोणी मालाच्या खुणा ‘५डी८’, ‘५डी९’ अशा क्रमानें पाडीत आहे. नवाच्या पुढें हातचा जाऊन ‘५ई०’ ही खूण येते. येथवर सर्व यथास्थित. परंतु शास्त्रीय लेखनांत दोन अंकांमधील ‘ई’ हें दहाच्या घाताचें चिन्ह आहे. म्हणून भाषा ‘५ई०’ हिला आतां नांव न समजतां संख्या समजते : पांच गुणिले दहाचा शून्य घात, म्हणजे केवळ पांच. पुन्हां एक वाढवा म्हटलें कीं ‘५ई१’ न येतां सहा येतात! खुणांची मालिका मध्येंच तुटते, आणि त्याची वार्ता कोणास कळतहि नाहीं. यंत्र बंद पडलें असतें तर मनुष्य सावध झाला असता. चुकीचें उत्तर मुकाट्यानें देणारें यंत्र अधिक घातक.

हा दोष दूर करावा, याविषयीं मतभेद होण्यासारखें थोडेंच होतें. खरा प्रश्न होता तो दूर कसा करावा हा. लक्षावधि लोकांचे जुने प्रोग्रॅम या चालीवर विसंबून होते. ‘आमचें चाललेलें काम कां मोडतां?’ हा त्यांचा सवाल कांहीं हट्टाचा नव्हता. जुनें घर राहत्या माणसांसह दुरुस्त करावयाचें तर प्रत्येक खोलीची अडचण विचारांत घ्यावीच लागते. या भाषेंतील असे बदल तिच्या कार्यकर्त्यांच्या मतदानानें ठरतात, आणि त्यास दोन-तृतीयांश बहुमत लागतें. नोव्हेंबर २०२३ मध्यें निघालेल्या ८.३ या आवृत्तींत त्यांनीं मधला मार्ग घेतला. रिकाम्या माळेची वाढ-घट, अक्षर-अंकांखेरीज अन्य चिन्हें असलेल्या माळेची वाढ आणि संख्या नसलेल्या माळेची घट, या गोष्टी तत्काळ बंद केल्या नाहींत. पण त्या केल्यास ‘ही चाल सोडून द्या’ अशी सूचना मिळूं लागली. अक्षरें व अंकच असलेल्या माळेची वाढ त्या आवृत्तींत तशीच राहूं दिली. मात्र माळ वाढविण्यास ‘स्ट्र-इन्क्रिमेंट’ व घटविण्यास ‘स्ट्र-डिक्रिमेंट’ अशीं दोन स्वतंत्र साधनें दिलीं. हीं साधनें माळेस नांवच समजतात, संख्येचा तर्क करीत नाहींत. आणि माळ रिकामी असल्यास किंवा ‘ए’च्याहि मागें जाण्यास सांगितल्यास स्पष्ट नकार देतात.

या लहानशा सुधारणेंतील दोन गोष्टी आम्हांस ध्यानांत ठेवण्याजोग्या वाटतात. सांगणाऱ्याच्या मनांत काय असेल याचा तर्क करून मुकाट्यानें कांहीं तरी करून टाकणें, ही सेवा नव्हे. ‘मला उमगलें नाहीं’ असें म्हणणारा सेवकच अधिक विश्वासाचा. हें झालें यंत्राविषयीं. दुसरी गोष्ट सुधारकांविषयीं. चाल चुकीची आहे एवढें सिद्ध केल्यानें त्यांचें काम संपत नाहीं. ती चाल ज्या खऱ्या गरजेपोटीं रूढ झाली, त्या गरजेस आधीं दुसरी वाट करून द्यावी, मग पुरेशी पूर्वसूचना द्यावी, आणि त्यानंतरच जुनी वाट बुजवावी. एका छपराखालीं तीन पिढ्या नांदविणाऱ्या कुटुंबांस हा क्रम नव्यानें शिकविण्याचें कारण नाहीं.