समोरचा वारा

कॅन्ससमधलं एम्पोरिया म्हणजे डिस्क गोल्फवाल्यांची पंढरी. २०१६ आणि २०२२च्या व्यावसायिक जागतिक स्पर्धा इथेच झाल्या. गर्द झाडीतल्या कोर्सचं कौतुक फार होतं, पण मला हे उघडं माळरान जास्त खाष्ट वाटतं. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली तबकडी एरवी शेवटी डावीकडे कलते. समोरून वारा आला की तीच तबकडी उजवीकडे पालथी होते. पाठचा वारा मदतीचा वाटतो खरा, पण उचलच काढून घेतो, आणि तबकडी लवकर खाली बसते. खरी फजिती, जिच्यात तबकडी टाकायची त्या साखळ्यांच्या टोपलीपाशी. समोरच्या झोताने तबकडी वर उचलली जाते, टोपलीवरून पलीकडे पडते, काठावर उभी राहते आणि उतारावरून घरंगळत सुटते. मग परतीची फेक पहिलीपेक्षा लांबची, तीही त्याच वाऱ्यात!